आवाज आपला, कानही आपलेच

हल्ली शांतता विकत मिळते. चेष्टा नाही, खरंच सांगतोय. पुण्यात राहणारी माझी भाची महिन्यातल्या एका रविवारी 'साउंड हीलिंग'ला जाते. एका हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं चटयांवर उताणी पडतात, डोळ्यांवर पट्टी घेतात आणि एक बाई त्यांच्यामधून फिरत धातूच्या वाट्या लाकडी दांड्याने वाजवत राहतात. तासाभराने उठलं की म्हणे अंग हलकं झालेलं असतं आणि डोकं रिकामं. फी दीड हजार रुपये. चहा वेगळा.

तिने त्याचं रेकॉर्डिंग मेहकरजवळच्या आमच्या गावी आत्याला पाठवलं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बीपीची गोळी चालू, झोपेचं आणि तिचं फारसं पटत नाही. आत्याने फोन कानाला लावून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "हे तं आपल्या काशाच्या वाटीचा आवाज हाय. याचे पैसे द्या लागते का?"

आत्याचं म्हणणं अगदी खरं आहे. या वाट्या चांगल्यापैकी असतील तर काशाच्याच असतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांबं साधारण ७८ भाग आणि कथील २२. पितळेत कथलाऐवजी जस्त असतं, म्हणून पितळेचा तांब्या पडला तर ठणकन वाजून गप्प होतो आणि काशाचं भांडं कितीतरी वेळ गुणगुणत राहतं. देवळातली घंटा, वारकऱ्यांचे टाळ, झांजा, सगळी याच कुळातली. आपल्या घरांतून काशाच्या वाटीचं काम मात्र वेगळं होतं. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीने घासायचं, तळवे काळे होईपर्यंत. डोळ्यांची आग आणि झोप न येणं यावरचा तो घरगुती इलाज. त्याच वाट्यांना ध्यानाचं वाद्य म्हणून जगभर जी ओळख मिळाली ती बरीच अलीकडची. १९७२ साली हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांची 'टिबेटन बेल्स' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिथून पुढे अमेरिका-युरोपात हे वेड पसरलं. तिकडून फिरून ते पुण्याला आलं.

आता लगेच 'आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतंच' असा सूर मी लावणार नाहीये. तो सूर एकदा लावला की डोकं चालवायचं काम संपतं. शिवाय भाचीला त्या तासाने बरं वाटतं, त्या रात्री झोप लागते, हेही खरं आहे. २०१७ साली अमेरिकेत ६२ जणांवर या वाट्यांचा एक अभ्यास झाला. तासभर ऐकल्यावर त्यांचा ताण, चिडचिड, थकवा कमी झाल्याचं त्यांनी स्वतः नोंदवलं. फक्त त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे वाट्यांशिवाय नुसतं तासभर फोन बंद करून अंधारात पडलेल्या माणसांना किती बरं वाटलं असतं, ते त्यातून कळत नाही. (मला वाटतं, बरंच वाटलं असतं. भाचीने यावर चिडू नये.)

मला म्हणायचंय ते वेगळंच आहे. नादाने मन शांत करायचे दोन रस्ते आहेत. एक, दुसऱ्याने काढलेला आवाज पडून ऐकणं. दुसरा, स्वतःच्या गळ्यातून साधा, हळू, लांब आवाज काढणं. माझं मत ठामपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे. तो फुकट आहे किंवा जुना आहे म्हणून नव्हे. त्यात शरीर स्वतः काम करतं म्हणून.

ते कसं ते सांगतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. काळजी लागली की श्वास उथळ होतो आणि भराभर चालतो. हृदयाला 'हळू चाल' असं हुकमाने सांगता येत नाही, रक्तदाबाला 'खाली ये' म्हणता येत नाही. पण श्वास ही अशी एक गोष्ट आहे की ती आपली आपण चालूच असते आणि मनात आलं तर आपल्या हातातही येते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सोडणं लांबवलं की मेंदूपासून छातीपोटात उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो. शरीराला 'आता धोका नाही, सैल हो' असा निरोप देण्याचं काम त्याच्याकडे आहे.

आणि आवाज म्हणजे तरी काय? सोडलेला श्वास. श्वास घेता घेता कुणाला गाता येत नाही. एखादी ओळ लांबवून म्हटली की श्वास सोडणं आपोआप लांबतं. 'श्वासाकडे लक्ष द्या' असं सांगितलं तर निम्म्या लोकांना गुदमरल्यासारखं होतं, पण 'ही ओळ माझ्यामागे म्हणा' असं सांगितलं तर तेच काम नकळत होतं. ज्याने कुणी पहिल्यांदा जपाला लय लावली तो मोठा हुशार माणूस असला पाहिजे.

हे मोजूनही बघितलं गेलं आहे. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्रही. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला जवळजवळ ६ वर आला. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. रक्तदाबाचे स्वतःचे जे बारीक चढउतार चालू असतात त्यांची लयही साधारण दहा सेकंदांचीच असते. दोन्ही लयी जुळल्या आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तरतरीत झाली. हा निबंध २००१ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला होता.

तो मी वाचला तेव्हा मला आमच्या गावचा हरिपाठ आठवला. हरिपाठात एकजण चरण म्हणतो आणि बाकीचे तो उचलतात. आपली पाळी असताना श्वास सोडायचा, समोरच्याची पाळी असताना घ्यायचा. मी एकदा घड्याळ लावून बसलो. एक चरण चार-पाच सेकंदांचा, उचलून म्हणायचा तेवढाच. दोन्ही मिळून दहाच्या आसपास. आमच्या गावातल्या कुणी लॅटिन ऐकलेलं नाही आणि इटलीतल्या कुणी हरिपाठ, पण छातीचा भाता दोघांचा सारखाच.

शेगावची पालखी परतीच्या वाटेवर लोणार-मेहकरकडून जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघण्यासारखी असते. पांढऱ्या कपड्यातले वारकरी, हातात टाळ, आणि पावलं टाळाच्या ठेक्यात. पंढरपूरला जाऊन आलेली माणसं, पायाला फोड आलेले असणार, पण चेहऱ्यावर कुरकुर दिसत नाही. मी इथे श्रद्धेला श्वासाच्या हिशोबात बसवू पाहत नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याला ती पुरते. पण ज्याची नाही, त्याच्या शरीरालाही हाच नियम लागू आहे, एवढंच.

आमच्या आत्याचं 'ध्यान' याहून सोपं आहे. दुपारी ओसरीवर बसून ती तोंड मिटून नुसती गुणगुणते. शब्द नाहीत, चाल असेल तर असेल. विचारलं तर म्हणते, "छातीवरचं ओझं उतरल्यावानी वाटते." ती जे करते त्याला योगाच्या पुस्तकात भ्रामरी म्हणतात, भुंग्यासारखा आवाज म्हणून. 'हठयोगप्रदीपिका' या पंधराव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात ती सापडते. त्याच ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात नादानुसंधान सांगितलंय. आत ऐकू येणारा नाद आधी समुद्रासारखा, ढगांसारखा मोठा, मग शंख-घंटेसारखा आणि शेवटी बासरी, वीणा, भुंगा असा बारीक होत जातो, असं त्यात म्हटलं आहे. ज्ञानेश्वरांनीही सहाव्या अध्यायात या अनाहत नादाचं वर्णन केलंय. तिथपर्यंत पोचणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्याबद्दल मी गप्प राहतो. पण मोठ्या आवाजाकडून बारीक आवाजाकडे आणि बारीक आवाजाकडून शांततेकडे जायचं, हा क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

गुणगुणण्याची आणखी एक गंमत. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की नुसता नाकाने श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला तर नाकातून बाहेर येणारं नायट्रिक ऑक्साइड सुमारे पंधरा पटीने वाढतं. त्या कंपनांनी नाकाभोवतालच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली हवा खेळती होते. आणि २०११ मध्ये बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने १२ जणांचा मेंदू स्कॅन करताना त्यांना 'ओम' म्हणायला लावलं. भीती आणि भावना यांच्याशी जोडलेल्या भागांची हालचाल मंदावलेली दिसली. तेवढाच वेळ नुसतं 'स्स्स' म्हणताना तसं दिसलं नाही. अर्थात १२ म्हणजे १२. २३ म्हणजे २३. एवढ्यावरून कुणी 'विज्ञानाने सिद्ध झालं' अशी पाटी लावू नये. दिशा मात्र दिसते, आणि ती आत्याच्या अनुभवाशी जुळते.

आता माझ्या मनात खरं खुपतंय ते सांगतो. हा स्वतःच्या गळ्याचा आवाज आपल्या गावांतून हळूहळू नाहीसा होत चाललाय.

आधी जातं गेलं. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणायच्या. हात फिरतोय, दगड घरघरतोय, त्या घरघरीवर ओवी चढतेय. सासरचा जाच, माहेरची आठवण, लेकाचं कौतुक, जे माणसांसमोर बोलता येत नाही ते जात्यासमोर बोललं जायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या लोकांसमोर आणते आहे. गिरणी आली हे चांगलंच झालं, जात्याचे कष्ट परत यावेत असं कुठलीही बाई म्हणणार नाही. पण कष्टांबरोबर मन मोकळं करायची ती रोजची तासाभराची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काहीच आलं नाही.

मग हरिपाठ. आमच्या देवळात पूर्वी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं उभी राहायची. आता चार असतात, पाचवा आला तर सगळे त्याच्याकडे वळून बघतात. त्यांच्या जागी कळसाजवळ चार कर्णे आलेत. पहाटे कुणीतरी मोबाइल जोडतं आणि मुंबईत कधीतरी रेकॉर्ड झालेला आवाज सगळ्या गावावर पसरतो. जोडणारा माणूस परत जाऊन झोपतो. म्हणजे म्हणणारा कुणी नाही आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. ज्या आत्याला दुपारचं गुणगुणणं शांत करतं, त्याच आत्याची साडेचारला लागलेली झोप हा कर्णा पावणेपाचला मोडतो. नामस्मरण तेच, पण गळ्यातून निघालं तर औषध आणि कर्ण्यातून निघालं तर दुखणं. सप्ताह, उरूस, लग्नातला डीजे, निवडणुकीची गाडी, गणपतीची मिरवणूक, कुणाचंही नाव घ्या, गोष्ट एकच आहे.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. ठरावीक सणांना वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचा हिशोब फसवा असतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, २० वाढले म्हणजे शंभरपट. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलं आहे. आणि लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. पण गावात न्यायालयाचा दाखला देऊन काही होत नाही, उलट आपणच नास्तिक ठरतो. म्हणून मी दाखला देत नाही. मी म्हणतो, कर्णा बंद करा म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला ऐकू येईल. यावर भांडण होत नाही. फार तर लोक हसतात.

नाद संपल्यानंतरच्या शांततेबद्दलही थोडं. बर्नार्दी यांनीच २००६ साली संगीताचा आणखी एक प्रयोग केला. वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवताना त्यांनी मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. लय वाढली की श्वास, ठोके, रक्तदाब वाढत होते हे अपेक्षितच होतं. पण सगळ्यात जास्त विसावा मिळाला तो संगीतात नव्हे, मधल्या त्या शांततेत. सुरुवातीला नुसतं गप्प बसवलं होतं तेव्हापेक्षाही जास्त.

याचं मोठं रूप बघायचं असेल तर आपल्या बुलढाण्याहून पूर्वेला, अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला जा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. आयुष्यभर खंजिरी वाजवून गावं जागी करणारा माणूस. त्यांच्या पुण्यतिथीला तिथे भजनं चालू असतात, अफाट गर्दी असते, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबतं. मौन. खंजिरीवाल्या संताला श्रद्धांजली शांततेची, याहून नेमकं काय असणार? ज्यांनी आधी आवाज दिलेला असतो त्यांनाच त्या मौनाचं वजन कळतं.

आणि नुसतं ऐकण्याचा सराव करायचा असेल तर आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. साधारण १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात उतरायला लागलं की वरच्या रस्त्याचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. मग वाळलेल्या पानांचा, माकडांचा, कुठेतरी मोराचा आवाज. खाली पोचेपर्यंत आपलीच धाप ऐकू येते. विज्ञानवाले तिथे खडक बघायला येतात, भाविक देवळं बघायला. एकदा कुणीतरी नुसतं ऐकायला जावं.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत घरी रंगवून सांगत होतो. चुलत भाऊ शेजारी बसला होता. त्याची सोयाबीन आणि थोडी कपाशी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, मन शांत केल्यानं सोयाबीनचा भाव वाढते का?"

या प्रश्नाला बगल देऊन ध्यानावर लिहिणं मला आपल्या जिल्ह्यात बसून तरी जमणार नाही. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या यादीत बुलढाण्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. तेव्हा सरळ उत्तर देतो. नाही वाढत. कर्ज फिटत नाही, पाऊस वेळेवर येत नाही, विमा कंपनी फोन उचलत नाही. शांत झालेल्या माणसासमोरही तेवढंच कर्ज असतं. ज्याचं घर जळतंय त्याला 'आधी दीर्घ श्वास घे' म्हणणं हा सल्ला नव्हे, ती क्रूरता आहे. आणि ध्यानाच्या नावाखाली माणसाचा न्याय्य राग विझवायचा असेल तर तसलं ध्यान मला नको.

पण भावाला मी आणखी एक गोष्ट विचारली. रात्री दोनला छताकडे बघत पडल्यावर भाव वाढतो का? तोही वाढत नाही. आणि त्या दोन वाजताच्या डोक्याने घेतलेला निर्णय दिवसाच्या डोक्याने घेतलेल्या निर्णयासारखा नसतो. लांब श्वास सोडून, गुणगुणून, चार माणसांत उभं राहून हरिपाठ म्हणून जर ती रात्र सरत असेल, तर तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. सकाळी उठून बँकेत, बाजार समितीत, मोर्च्यात जायचंच आहे. भाव यावर काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

हरिपाठाचा एक फायदा तर कुठल्याच यंत्रावर मोजता येणार नाही. चार दिवस एखादा आला नाही तर पाचव्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन विचारतं, "काय झालं, दिसला नाहीस?" मोबाइलमधलं ध्यानाचं ॲप फार तर एक घंटी वाजवतं.

जिथे हे पुरत नाही तिथे ते पुरेल असं भासवूही नये. महिनाभर झोप नाही, जेवण नकोसं झालंय, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडात येतेय, भास होताहेत, तर तो आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो. मनाचं काही बिनसलं की आपल्याकडे आजही कितीतरी घरं आधी सैलानीला जातात. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर जावं, पण दवाखान्यातही जावं, आणि माणसाला साखळीने बांधून ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते निषिद्ध आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तेव्हा आशाताई घरोघर जाऊन असे प्रश्न विचारू लागल्या होत्या. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि बीपीची गोळी भ्रामरीच्या भरवशावर बंद करू नका. आत्या, हे तुझ्यासाठी आहे.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती अगदी साधी. पाठ टेकून बसा, मांडीच घातली पाहिजे असं नाही. नाकाने श्वास घ्या, ओठ मिटा, दात सुटे ठेवा आणि सोडताना 'म्‌म्‌म्' करा, जेवढा सहज लांबेल तेवढाच. ताणायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. चक्कर वाटली तर थांबा. आवाज एवढाच हवा की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. असं आठ-दहा वेळा करा आणि मग जेवढा वेळ गुणगुणलात तेवढाच वेळ काहीही न करता बसा. हा दुसरा भाग गाळू नका. ज्याला नाम हवं त्याने नाम घ्यावं, ज्याला अजान ऐकत वाढल्यामुळे ती लय जवळची वाटते त्याने ती लय धरावी, ज्याला काहीच नको त्याने जुन्या सिनेमाचं गाणं गुणगुणावं. शरीर जात विचारत नाही.

भाचीने वाट्यांना जायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. मी तिला एवढंच सांगितलंय की त्या हॉलमध्ये जमलेल्या पंचवीस-तीस जणांनी एकदा वाट्या बाजूला ठेवून एकत्र गुणगुणून बघावं. पंधरा मिनिटं पुरेत. त्या बाईंनाही आवडेल कदाचित.

गावच्या हरिपाठाचं म्हणाल तर येत्या कार्तिकात महिनाभर तरी संध्याकाळी कर्णा न लावता म्हणायचं असं आम्ही चौघांनी ठरवलंय. पहाटेच्या कर्ण्याचं नंतर बघू. दिवाळीला जे कुणी नातेवाईक गावी येणार आहेत त्यांनी संध्याकाळी सातला देवळात यावं. टाळ तिथे ढिगाने पडलेले आहेत, उचलणारे हात कमी आहेत. सुरात येत नसेल तरी चालेल, आमच्यापैकीही कुणी सुरात नाही.